किरकोळ बदल

रात्री अकरानंतर अमळनेरात वीज जरा सरळ वागते.
तेव्हा मी लेख उघडते: जुन्या कागदी नोटांचा.
मुक्त ज्ञानकोश; कुणीही यावं, दुरुस्त करावं.
एकतीस वर्षं मी कॅशच्या जाळीआड बसले,
बाहेरचा हात गल्ल्यात येऊ द्यायचा
ही सवय निवृत्तीनंतरची.

माझी कामगिरी म्हणाल तर थोडीच.
एक तारीख. दोन वेलांट्या.
"एकाच बाजूने छापलेल्या नोटा" असं होतं तिथे
मी लिहिलं, पाठकोऱ्या.
तीन दिवसांनी कुणीतरी ते उलटवलं,
बोली शब्द, म्हणे.
अरे बाबा, पाठकोऱ्या कागदांवरच
आम्ही सगळे त्रैराशिकं शिकलो.

मग येतो तो परिच्छेद.
टपालात चोरी होऊ नये म्हणून
नोट मधोमध कापत.
एक तुकडा आज रवाना, पोच आली की दुसरा.
दुसरा तुकडा मिळाल्यावर
दोन्ही मागून चिकटवत.

इथे माझा हात थांबतो.

सुकलाल उखा बडगुजर, मुक्काम मारवड.
चैत्रातली दुपार, खिडकीत मी एकटी.
तंबाखूच्या चंचीतून त्यानं काढला
दहाच्या नोटेचा उजवा तुकडा.
नंबर पूर्ण. काप शिंप्यानं मारावा तसा सरळ.
पणज्यानं कापसाच्या गाड्या रेल्वेपर्यंत नेल्या होत्या,
खांडव्याच्या कुणा व्यापाऱ्याकडून हा आला.
पणज्यानं पोच पाठवली.
मग पेटीतून पेटीत, लग्नातून लग्नात
तुकडा वाट बघत राहिला.

सवयीनं उजेडात धरला.
अर्धं जलचिन्ह.
म्हटलं, काका, ही बदलून मिळायची नाही.
"बदली कोन मांगस, बाई?
दुसरा तुकडा कोठे शे, तेवढं सांग."

माझ्याकडे त्याचं रजिस्टर नव्हतं.

पणजा म्हणायचा म्हणे,
वाजत नई तो रुपया कसाना?
एवढं सांगून सुकलाल हसला, चंची बांधली,
"नोटास्मा बसस तू, तुनाकडे ऱ्हाऊ दे."
आणि गेला मारवडच्या एसटीला.

तर मी लेखात एक वाक्य घातलं:
काही तुकडे कधीच पोहोचले नाहीत.
नऊ मिनिटांत शेजारी चौकोनी कंसात उगवलं,
संदर्भ हवा.

रागावू कशी?
हेच तर मी जन्मभर लोकांना सांगितलं.
सही जुळत नाही. दाखला आणा. उद्या या.
घरातल्या डब्यात आहे, हा संदर्भ होत नाही;
नियम मला पटतो, हेच वाईट.

शोधलं मग. टपालखात्याचे अहवाल, जिल्ह्याची जुनी पुस्तकं,
स्कॅन करताना कुणाचा तरी अंगठा आलेली पानं.
पोहोचलेल्याचे तक्ते लांबच लांब.
हरवल्याचाही एक तक्ता सापडला, तीन ओळींचा,
त्यात खान्देश नव्हता.
तोवर माझं वाक्य काढून टाकलं होतं.

काल रात्री गच्चीत बिबडे वाळत होते जुन्या साड्यांवर,
पंखा गरम हवाच इकडची तिकडे करत होता.
डबा उघडला, तुकडा की-बोर्डशेजारी ठेवला,
परिच्छेद पुन्हा वाचला, अगदी सावकाश,
नोटा मोजताना बोट ओलं करून वाचतात तसा.
आणि "मिळाल्यावर"चं
"मिळाल्यास" केलं.

काय बदललंत, असं खाली विचारतात.
लिहिलं, भाषा.
"हा किरकोळ बदल आहे" पुढे खूण केली.

सकाळपर्यंत कुणी हात लावला नव्हता.
लेखाच्या इतिहासात माझ्या नावासमोर
लाल आकडा, वजा तीन.

एकतीस वर्षांत एकदाही
गल्ला पैशानं कमी भरला नाही माझा.
काल तीननं कमी होता,
आणि मी तसाच बंद करून
झोपले.